मुदत संपली ती कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची मोफत देखभाल थांबवली. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावरच्या मांडव्यात किंवा मांडव्याहून चोंढीमार्गे अलिबागला जाणाऱ्या पट्ट्यात कोणाचा कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असे झाले नाही. दाखले काढून देणाऱ्या केंद्रांतले प्रिंटर चालू राहिले, कॉटेजवाल्यांचे बुकिंग चालू राहिले, झेरॉक्सच्या दुकानांत आधार कार्डाच्या प्रती निघत राहिल्या. संभ्रम झाला तो पडद्यावरच्या एका सूचनेमुळे. हा कॉम्प्युटर विंडोज ११ साठी पात्र नाही, असे ती सांगते. ती वाचून काही जण यंत्राचे आयुष्य संपले असे समजतात आणि नव्याच्या किमती विचारू लागतात. बाकीचे सूचनेची चौकट बंद करतात आणि चालते आहे तोवर चालवायचे ठरवतात. पहिल्या निर्णयात पैसे वाया जातात आणि दुसऱ्यात आयुष्यभराची कागदपत्रे धोक्यात येतात. माझे म्हणणे असे की मुदत त्या प्रणालीच्या एका आवृत्तीची संपली आहे, यंत्राची बहुतेक वेळा संपलेली नाही. म्हणून प्रणाली बदलावी आणि यंत्र शक्य तितके राखावे. हा बदल कसा आणि किती घाईने करायचा, हे मात्र कंपनीची तारीख किंवा दुकानदाराचा सल्ला यांवरून न ठरवता त्या कॉम्प्युटरवर कोणते काम होते आणि त्यात कोणती माहिती साठली आहे, यावरून ठरवावे.

आधी देखभाल थांबली म्हणजे नेमके काय थांबले ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम हा कॉम्प्युटरमधला पायाभूत प्रोग्राम. की-बोर्ड, पडदा, प्रिंटर, डिस्क, इंटरनेट या सगळ्यांना तोच हाताळतो आणि बाकीचे प्रोग्राम त्याच्या भरवशावर चालतात. तो इतका अवाढव्य असतो की त्यात चुका राहतातच. त्यांतल्या काही चुकांमधून परक्याला आत शिरता येते. अशी चूक सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते. विंडोजमध्ये दर महिन्याला ‘अपडेट’ म्हणून जे येते, त्यात या दुरुस्त्यांचा मोठा भाग असतो. देखभाल थांबली म्हणजे या दुरुस्त्या येणे थांबले. चुका सापडणे काही थांबत नाही. उलट, नव्या आवृत्तीत दुरुस्त झालेली चूक पाहून जुन्यात तीच कुठे असेल हे शोधणे सोपे होते. दुसरा परिणाम सावकाश येतो. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तरी क्रोम ब्राउझर तिच्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत नवा होत राहिला. मग तोही थांबला, आणि त्यानंतर एकेक संकेतस्थळ कुरकुरू लागले. विंडोज १० चेही असेच होईल. दारे एकदम बंद होत नाहीत, म्हणूनच निर्णय पुढे ढकलण्याचा मोह होतो.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा या बाबतीतला सर्वांत प्रचलित आक्षेप. त्याचे उत्तर मांडव्याच्या समोरच, धरमतर खाडीच्या पलीकडे उरण तालुक्यात घडून गेले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॉम्प्युटर निकामी करायला सुरुवात केली. त्याचा मुख्य रोख युक्रेनवर होता. तिथल्या कंपन्या करभरणीसाठी वापरत असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो पसरला. त्याच्या तडाख्यात सापडलेल्या मर्स्क या जहाज कंपनीचा न्हावा शेव्याशी, म्हणजे रायगड जिल्ह्याशी, संबंध होता. तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल तिच्याच समूहातील कंपनी चालवत होती. तिथली यंत्रणा ठप्प झाली आणि कंटेनर खोळंबले. या हल्ल्याला न्हावा शेव्याचे काहीही चोरायचे नव्हते, त्या बंदराचे नावही त्याला ठाऊक नव्हते. उघडे दार दिसेल तिथे शिरायचे, एवढेच त्याचे काम होते. ज्या चुकीचा त्याने फायदा घेतला तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने याच चुकीतून हाहाकार माजवला होता. म्हणजे इशारा मिळाला होता, औषधही उपलब्ध होते. पंचायतीचा, पतसंस्थेचा किंवा घरच्या व्यवसायाचा कॉम्प्युटर अशा हल्ल्याला क्षुद्र वाटत नाही, कारण समोर कोण आहे हे तो पाहतच नाही.

या घटनेची दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉटपेट्या पसरला तो अपडेटमधूनच. युक्रेनच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीचे सर्व्हर आधीच ताब्यात घेतले गेले होते, आणि एकदा कचेरीत शिरल्यावर हा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या स्मृतीतले पासवर्ड काढून, दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांवरही उडी मारत होता. तेव्हा अपडेट म्हणजे अभेद्य कवच, असा दावा कोणी केला तर तो मानू नये. पण अपडेटचा उपयोगच नाही, हा निष्कर्षही त्यातून निघत नाही. निघतो तो असा की दुरुस्त्यांच्या जोडीला माहितीची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवलेली हवी. मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितले. हे शक्य झाले त्यामागे एक योगायोग होता. ‘वायर्ड’ मासिकात आलेल्या वृत्तांतानुसार, कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी घानामधला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे नशिबाने मिळाले, ते साध्या पेन ड्राइव्हवर आपल्याला ठरवून मिळवता येते. काम झाल्यावर तो काढून कपाटात ठेवायचा, एवढी शिस्त मात्र लागते.

आता अपात्रतेच्या सूचनेकडे वळू. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि एक गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर या तिच्या अटी बहुतेक जुनी यंत्रे पुरी करतात. अडते ते दोन ठिकाणी. पहिली अडचण टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा-घटकाची. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या आणि ओळख पटवण्याच्या खुणा हा घटक सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर जपून ठेवतो. ही अडचण पुष्कळदा खोटी असते. २०१५-१६ नंतरच्या बऱ्याच यंत्रांत हा घटक प्रोसेसरमध्येच असतो, फक्त बंद करून ठेवलेला असतो. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करता येतो. इंटेलच्या यंत्रांत त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर या सेटिंगला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नाहीतर यंत्र मालकालाच ओळखणार नाही. दुसरी अडचण मात्र खरी आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो, आणि थोडे अपवाद सोडले तर ही यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. ही पिढी ऑगस्ट २०१७ मध्ये आली. म्हणजे त्याच वर्षी सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला चांगला दणकट कॉम्प्युटर ज्याने विकत घेतला, तो आज यादीबाहेर आहे. त्याच्या यंत्रात दम नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

सुरक्षेचे कारण मायक्रोसॉफ्ट देते आणि ते पोकळ नाही. नव्या प्रोसेसरांमध्ये प्रणालीचा गाभा वेगळा कोंडून ठेवण्याच्या सोयी चांगल्या आहेत. पण कंपनीने आखलेली रेषा सुरक्षेइतकीच स्वतःच्या सोयीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या शेवटी असा अंदाज मांडला की या अटींमुळे जगभरातले सुमारे चोवीस कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. यंत्र चालते, वीज घेते, अक्षर उमटवते, तरी त्याला कालबाह्य म्हणायचे, हे खर्चाचे गणित आहे आणि तो खर्च ग्राहकाच्या व पर्यावरणाच्या खात्यावर टाकला जातो. लॅपटॉपच्या बाबतीत तर कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांतही कर्ब उत्सर्जनाचा मोठा वाटा यंत्र तयार होण्यातच दिसतो, ते वापरण्यात नाही. चालते यंत्र दोन-चार वर्षे जास्त वापरणे ही म्हणूनच केवळ काटकसर राहत नाही. एक पळवाट मात्र टाळावी. अटींची तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ ‘टाकून देतो’ असे सांगणारे बरेच भेटतात. ती बसते, चालतेही. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि फार जुन्या प्रोसेसरवर २०२४ ची आवृत्ती सुरूच होत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा सारा खटाटोप, त्यांचीच खात्री नसेल तर बदल कशासाठी केला?

मग सरळ वाटा कोणत्या? यंत्र पात्र असेल, किंवा टीपीएम चालू केल्यावर पात्र ठरत असेल, तर विंडोज ११ चा मार्ग मोफत आणि सोपा आहे. पण त्याआधी डिस्क बदलावी. जुन्या यंत्रांच्या संथपणाचे खापर प्रोसेसरवर फुटते, पण खरा दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवली आणि रॅम आठ जीबी केली, की सात-आठ वर्षांचे यंत्र ओळखू येणार नाही इतके हलके होते. कागदावर चार जीबीची अट असली तरी तेवढ्यात विंडोज ११ आणि ब्राउझर एकत्र चालवणे म्हणजे छळ आहे. यंत्र पात्र नसेल आणि लगेच निर्णय घ्यायचा नसेल, तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवायची तयारी असेल तर पैसे पडत नाहीत, नाहीतर तीस डॉलर किंवा तेवढे रुपये मोजावे लागतात. हे वर्ष विश्रांतीचे धरू नये, तयारीचे धरावे. ते हाताशी असल्याने कोणी घाबरवून नवे यंत्र गळ्यात मारू शकत नाही, याचे मोल मला जास्त वाटते.

तिसरी वाट लिनक्सची. तिच्याबद्दल मराठी माणसाच्या मनात दोन टोकांचे गैरसमज आहेत. एकाला ती संगणकतज्ज्ञांची विद्या वाटते, दुसऱ्याला सगळ्या दुखण्यांवरचा उतारा. लिनक्स मिंट ही तिची घरगुती वापराला सोयीची आवृत्ती. मिंटच्या बावीसाव्या मालिकेला २०२९ पर्यंत देखभाल आहे, दोन जीबी रॅमवरही ती सुरू होते आणि चार जीबीवर बरी चालते. टीपीएमची किंवा प्रोसेसरच्या यादीची अट नाही. पैसेही पडत नाहीत. गावोगावी जुन्या यंत्रांवर ‘क्रॅक’ केलेली विंडोज टाकून घेण्याची जी सवय लागली आहे, तिच्यातून सुटण्याचा हा सरळ मार्ग आहे. तो क्रॅक चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले. मराठीची चिंताही करायला नको. इनस्क्रिप्ट की-बोर्ड त्यात तयार असतो, आणि लोहित नावाचा जो देवनागरी फॉन्ट लिनक्समध्ये वर्षानुवर्षे वापरला गेला, त्याचे काम रेड हॅट कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात झाले आहे. आपल्याच राज्यातल्या माणसांच्या कष्टातून उभी राहिलेली ही सोय आपणच कमी वापरतो, याचे मला वाईट वाटते.

‘आमच्या माणसांना विंडोजच येते’ हा लिनक्सवरचा आक्षेप रास्त आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या गावागावांत संगणक साक्षरता नेली हे मोठे काम. पण त्या साक्षरतेचा साचा विंडोजचा होता. तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सातबारा काढणे, वीजबिल भरणे, बोटीचे तिकीट काढणे, बँकेचे खाते पाहणे ही कामे आज ब्राउझरमध्ये होतात, आणि ब्राउझर दोन्हीकडे तोच असतो. शिवाय केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुले लिनक्सवर शिकत आहेत. जे तिथल्या मुलांना जमते ते रायगडच्या मुलांना जमणार नाही असे कोण म्हणेल? मात्र जिथे खरोखर अडते तिथे हट्ट धरू नये. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेले आहे. डिजिटल सहीचे टोकन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, एखाद्या खात्याचा खास प्रोग्राम यांचे ड्रायव्हर अनेकदा विंडोजचेच असतात. दाखल्यांच्या केंद्रातला किंवा हिशेबनिसाचा मुख्य कॉम्प्युटर यात मोडत असेल, तर तिथे विंडोज ११ चालणारे यंत्रच हवे, त्यासाठी नवे घ्यावे लागले तरी चालेल. पण त्याच कचेरीतली पत्रे टंकण्याची, चौकशीला उत्तरे देण्याची, मुलांच्या अभ्यासाची बाकीची यंत्रे का फेकायची? एका कामाची गरज सगळ्या यंत्रांवर लादली जाते, तिथेच खर्च फुगतो.

मराठी वापरणाऱ्याची सगळ्यांत अवघड गाठ वेगळीच आहे, आणि परदेशी सल्ल्यांत तिचा उल्लेखही नसतो. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धत रुळण्याआधी, आणि खरे तर त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर टंकला गेला तो श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांमधून. या पॅकेजांनी मराठी छपाई घराघरांत आणली, त्यांचे उपकार मानायला हवेत. पण त्यांच्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत जी अक्षरे साठवली जात ती रोमन लिपीच्या संकेतांची असत, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देई. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे नव्या प्रणालीवर तो फॉन्ट नसला की ग्रामसभेचा ठराव, सोसायटीचे इतिवृत्त, लग्नपत्रिकांचे नमुने, कोणीतरी कष्टाने टंकलेली कुलवृत्तांताची पाने, सारे अर्थहीन चिन्हांचा ढीग होऊन समोर येते. पाहणाऱ्याला वाटते फाइल खराब झाली, आणि तो ती पुसून टाकतो! जुन्या आवृत्त्या अनेकदा डोंगलवर, म्हणजे यंत्राला जोडायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालत. तो हरवला किंवा त्याची खाच नव्या यंत्रावर नसली की पॅकेजही गेले. म्हणून प्रणाली बदलण्याआधी, जुने यंत्र नीट चालू असतानाच, अशा फाइली शोधून दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येकीची पीडीएफ करावी, म्हणजे ती जशी दिसते तशी कायम राहील. आणि रूपांतराची सोय वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, म्हणजे तो शोधता आणि सुधारता येईल. जोडाक्षरे आणि रफार यांत रूपांतर चुकते, तेव्हा महत्त्वाचे कागद डोळ्यांखालून घालावेत. जुने फॉन्टही जपून ठेवावेत. हे कंटाळवाणे काम आहे, पण यंत्र मेल्यावर ते कितीतरी पटीने अवघड होते.

जुन्यातून नव्यात कसे जावे याचा उत्तम नमुना मांडव्याहून वीसेक किलोमीटरवर अलिबागमध्ये आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवायचे ठरवले. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा मात्र १९०४ मध्येच सुरू झाली, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे त्यामुळे कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. पुढे १९१० मध्ये मूस यांनी १८४६ पासूनच्या साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत छापून काढल्या. या काटेकोरपणाचे फळ फार उशिरा दिसले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्याला डोळ्यांनी वाचून केलेली नोंद २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा अभ्यासली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. चुंबकीय क्षेत्रात सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाची घट त्या नोंदीत सापडली, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवायला ती जगभर आधार ठरली. १४४ वर्षांनी ती नोंद वाचता आली, कारण दरम्यान जागा बदलली, उपकरणे बदलली, माणसे बदलली, तरी प्रत्येक बदलात नोंदींची साखळी तुटू दिली गेली नाही.

घरच्या कॉम्प्युटरला ही पद्धत जशीच्या तशी लावता येते. आधी माहितीच्या दोन प्रती काढायच्या. एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या ठिकाणी, मग ती नातेवाइकांच्या घरी असो वा इंटरनेटवरच्या साठवणीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे रायगडच्या किनाऱ्यावर वेगळे सांगायला नको. प्रत काढली म्हणजे काम झाले असे नाही. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायची. मग जुनी डिस्क पुसायची नाही, ती काढून ठेवायची आणि नव्या एसएसडीवर नवी प्रणाली बसवायची. काही अडले तर जुनी डिस्क परत लावली की पहिली स्थिती जशीच्या तशी हाती येते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे यंत्र दिले की तो सवयीने ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. त्याला हे आधीच बजावून सांगावे. लिनक्स घ्यायचे असेल तर पेन ड्राइव्हवरूनच ते सुरू करून पाहता येते, डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, मराठी नीट उमटते का, हे सारे तिथेच तपासता येते. आणि मग काही आठवडे दोन्ही व्यवस्था बाजूबाजूला चालू द्याव्यात. महिनाअखेरचे हिशेब, परताव्याचे अर्ज, वर्षातून एकदाच लागणारा एखादा प्रोग्राम, अशा गोष्टी पहिल्या दिवशी आठवतच नाहीत.

एवढे करूनही काही यंत्रांना निरोप द्यावाच लागतो. खाऱ्या हवेत पंख्यावाटे आत गेलेला ओलसर क्षार सर्किटवर बसतो, रॅमच्या खाचा काळवंडतात, बोर्डवरचे कपॅसिटर फुगतात. रॅम काढून तिची टोके साफ केली, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला, तर कित्येक ‘मेलेली’ यंत्रे उठतात. तो सेल संपला की यंत्राचे घड्याळ मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. ही खराबी प्रणालीची समजून नाहक नवे यंत्र घेतले जाते. पण लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, यंत्र ३२-बिटचे असेल किंवा त्यात दोन जीबीहून जास्त रॅम बसतच नसेल, तर त्यावर आणखी खर्च करू नये. तेव्हाही कोरे करकरीत घेण्याची गरज नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांच्या कचेऱ्यांतून उतरवलेली आठव्या-नवव्या पिढीची यंत्रे मिळतात. प्रोसेसरची पिढी स्वतः पाहून, टीपीएम चालू करून दाखवायला सांगून ती घ्यावीत. जुने यंत्र गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे जावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा कंपनीकडे परत घेण्याची मागणी करायला संकोच वाटू नये. डिस्क मात्र आधी काढून घ्यावी.

किनाऱ्यावर या कामाला स्वतःचे असे वेळापत्रक आहे. मेच्या अखेरीपासून गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच बंद होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून येणारी रो-रो पावसातही चालते, पण हवामानाच्या मर्जीने. विजेचा भरवसा त्या दिवसांत सर्वांत कमी. प्रणाली बसत असताना वीज गेली तर डिस्क अर्धवट लिहिली जाते, म्हणून चांगल्या बॅटरीच्या यूपीएसशिवाय डेस्कटॉपला हात लावू नये. लागणारी एसएसडी, रॅम आणि बॅकअपची डिस्क पावसाआधी आणून ठेवावी. प्रती आणि पीडीएफ मेपर्यंत काढून व्हाव्यात. पर्यटक कमी असलेले जुलै-ऑगस्ट हे लिनक्स पेन ड्राइव्हवरून चाचपून पाहायला आणि जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणायला योग्य. गणपतीनंतर पाहुण्यांची वर्दळ सुरू होण्याआधी मुख्य यंत्र नव्या प्रणालीवर न्यावे. १३ ऑक्टोबर २०२६ ची वाढीव मुदत तेव्हा संपत आलेली असेल, आणि जुनी डिस्क पुढच्या मार्चअखेरचे हिशेब बंद होईपर्यंत, नाव-तारीख लिहून, कोरड्या डब्यात ठेवावी.